अर्ज क्रमांक दोनशे अकरा

“‘मोकळी’ असं लिहू नकोस,” दादा फोनवर म्हणाले. “तू स्वतः जाऊन आलीस का तिथे?”

दादा म्हणजे माझे सासरे. कराडला असतात. मोजणी खात्यात चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेले. मी त्यांना अर्जाचा मसुदा वाचून दाखवत होते. मनात अपेक्षा अशी, की ते म्हणतील, वा सूनबाई, काय मुद्देसूद लिहिलंयस.

“दादा, गॅलरीतून रोज दिसते ती जागा. नुसती वेडी बाभूळ माजलीय.”

“गॅलरीतून दिसतं ते सोड. आम्ही मोजणीला गेलो की सकाळी सातला एखाद्या उंचवट्यावर उभे राहायचो आणि धूर कुठून निघतोय ते बघायचो. झुडपात चूल दिसत नाही, धूर दिसतो. एकदा चालून ये.”

“रेवाला घेऊन कुठे जाऊ त्या काट्याकुट्यात?”

“मग तो शब्द तेवढा काढ.”

“बरं, बघते,” मी म्हटलं आणि फोन ठेवला. शब्द काढला नाही. आमचे सोसायटीचे सेक्रेटरी निमकर काका बँकेतून निवृत्त झालेले, अर्ज-विनंत्यांत मुरलेले. त्यांनी सांगितलं होतं की ‘सदर जागा मोकळी व वापराविना पडून आहे’ असंच लिहायची पद्धत आहे, त्याशिवाय अर्जाला वजन येत नाही. मला ते पटलं, कारण मला पटवून घ्यायचंच होतं.

मी एरवी सगळं तपासणारी बाई. रेवा तेव्हा चौदा महिन्यांची होती. घरातल्या प्रत्येक प्लगला मी चिकटपट्टी लावली होती. खिडकीच्या जाळ्या रोज हलवून बघायची. रात्रीतून चारदा उठून तिच्या नाकासमोर बोट धरायची. सुहास, माझा नवरा, कामानिमित्त आठवड्यातले चार दिवस फिरतीवर असायचा. त्याने माझं नाव वॉचमन ठेवलं होतं.

त्या वर्षी शहराचा नवा विकास आराखडा आला. पुढच्या वीस वर्षांत कुठे रस्ता, कुठे शाळा, कुठे बाजार, कुठे घरं, हे ठरवणारा रंगीत नकाशा महापालिकेने भिंतीवर लावला आणि लोकांना सांगितलं, हरकती-सूचना असतील तर महिन्याभरात लिहून द्या. आमच्या इमारतीमागची, जुन्या दगडखाणीच्या कडेची मोठी जागा, सर्व्हे नंबर एक्केचाळीस, आधीच्या नकाशात बागेसाठी राखून ठेवलेली होती. नव्यात तिथे व्यापारी संकुल दाखवलं होतं.

आमच्या सोसायटीत मुलांना खेळायला पार्किंग सोडून जागा नव्हती. त्याच आठवड्यात ए विंगमधल्या एकाने गाडी मागे घेतली आणि रेवा चाकापासून वीतभर अंतरावर होती. मी ओरडलेसुद्धा नाही. गाडी थांबली ती यल्लूमावशीने बॉनेटवर दणकन थाप मारली म्हणून.

यल्लूमावशी रेवाला सांभाळायला यायची. पन्नाशी उलटलेली, हाडापेराने मजबूत, तळहात खरखरीत. रेवाला ती कडेवर घ्यायची नाही, खांद्यावर बसवायची, आणि तिची ती ऐट बघून माझा जीव खालीवर व्हायचा. “ताई, या खांद्यावर मी धोंडे वायलेत,” ती म्हणायची. “ही काय, कापसाची पिशवी.” रेवा पाण्याला ‘नीळ्ळू’ म्हणायला लागली होती. तो मावशीच्या घरचा शब्द. सुहासला त्याची गंमत वाटायची. मला आधी धास्ती वाटली, मग सवय झाली.

कामावर ठेवताना मी तिच्या आधार कार्डाची झेरॉक्स घेतली होती आणि कपाटात, रेवाच्या लसीकरणाच्या फाइलमध्ये ठेवली होती. फोटो पाहिला, नाव पाहिलं. पत्ता वाचला नव्हता. कुठे राहता विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, “हितंच, मागं.” आमच्या मागे नाला आहे आणि नाल्यापलीकडे मोठी वस्ती आहे. मी समजले, तिथेच असेल.

अर्ज शेवटच्या दिवशी दिला. खाली सोसायटीच्या चौसष्ट सह्या. महिना-दीड महिन्याने सुनावणीचं पत्र आलं, अर्ज क्रमांक दोनशे नऊ, मंगळवार, सकाळी अकरा. निमकर काका म्हणाले, “तुम्हीच बोला, मॅडम. लहान मूल असलेली आई बोलली की समितीवर परिणाम होतो. मी बाजूला आहेच.”

त्या संध्याकाळी मी मावशीला म्हटलं, “मंगळवारी मला महापालिकेत जायचंय. रेवाला घेऊन तुम्ही तिथेच आलात तर बरं. एवढा वेळ मी तिला लांब ठेवू शकणार नाही.”

“मंगळवारी?” मावशी भाताचा घास कालवता कालवता थांबली. “मला बी सुट्टी मागायची हुती मंगळवारची. मला बी थितंच जायाचंय.”

तिने पदराच्या गाठीतून चार घड्या केलेलं पत्र काढलं. माझ्याकडे आलं होतं तसंच पत्र. अर्ज क्रमांक दोनशे अकरा. श्रीमती यल्लूबाई हणमंत धोत्रे व इतर एकवीस. राहणार सर्व्हे नंबर एक्केचाळीस.

मी ते दोनदा वाचलं. मग कपाट उघडून लसीकरणाची फाइल काढली. झेरॉक्सवर तोच पत्ता होता, पहिल्या दिवसापासून.

“तुम्ही खाणीवर राहता?”

“मग मी सांगितलं न्हाई का, मागं म्हणून. बाभळीच्या आत हाईत आमची बावीस घरं, खाणीच्या कडंला. वरनं दिसत न्हाईत, खोलात हाईत.” ती रेवाच्या तोंडात घास देत होती. “आमच्या सासऱ्यांच्या वक्तापास्नं. खाण चालू हुती तवा मुकादमानंच बसवलं. खाण बंद झाली, आमी ऱ्हायलो.”

“मावशी,” मी म्हटलं, “आम्ही त्याच जागेवर बाग मागितलीय.”

“म्हाईत हाय की. निमकरसायेब फाटकापाशी सह्या घेत हुते, तवा मी हिला घेऊन थितंच हुते.” ती हसली. “मागा ना. दुकानं झाली तर आमी बी जानार, तुमची पोरं बी गाड्यांखाली खेळनार. आमच्या अर्जात बी बागच हाय. फकस्त कडंची पट्टी आमाला द्या म्हनलंय. नाल्याच्या अंगाची. हाय तेवढी जागा, जास्तीची न्हाई. बाकी सगळी बाग करा. आमच्या वस्तीतल्या संगीतानं लिवलंय, धाव्वीला हाय ती. नकाशा बी काढून दिलाय पेनानं.”

“संगीता येणार मंगळवारी?”

“तिची परीक्षा. बाकीचे समदे कामाव. एक दिस बुडवायचा तर मुकादम दुसऱ्या दिवशी उभा करत न्हाई. मी मोठी म्हनून माझं नाव वर घातलं. मी जाते, तुमी बी हाईच की थितं.” मग म्हणाली, “मला वाचाय येत न्हाई, मोठं आकडं बी कळत न्हाईत, त्यांच्यापुढं बोलाय यायचं न्हाई, ताई. दोन शबुद तुमी बोला आमच्यासाठी.”

“बोलेन ना,” मी म्हटलं. “आमच्या अर्जात एक वाक्य चुकलंय, तेही सांगेन.”

हे मी मनापासून म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी गॅलरीत उभी राहिले. बाभळीच्या शेंड्यांवर धुराचे पातळ पट्टे होते, बरेच. इतके दिवस मी त्याला धुकं समजत होते.

मंगळवारी निमकर काकांच्या गाडीतून आम्ही गेलो. मावशी मागे रेवाला मांडीवर घेऊन. तिने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. गाडीत निमकर काका तिच्याशी चांगले बोलले. “काय यल्लूबाई, तुम्हीपण सुनावणीला? अरे वा. लोकशाही आहे.”

“व्हय की, सायेब. तुमची ती आमची.”

महापालिकेच्या जुन्या इमारतीला दगडी पायऱ्या आहेत. मावशी चढता चढता म्हणाली, “ह्यो दगड आमच्या खाणीचा. माझ्या मालकाच्या बापानं फोडलेला.” निमकर काका पुढे गेले होते, त्यांना ऐकू गेलं नाही. रेवाला मात्र तिने खाली उतरवून एका पायरीवर उभं केलं, क्षणभर.

दालनात समितीचे तिघे टेबलामागे, आणि बाजूला एक कारकून पुकारा करायला आणि रोजनाम्यात नोंद करायला. पुढ्यात खुर्च्या, पंखे, शंभरेक माणसं. बारा वाजले तरी दीडशेच्या आसपासच नंबर चालू होते. रेवाला भूक लागली, मग झोप आली, आणि झोप आली की ती रडायची. मी घामाघूम. लोक वळून बघायला लागले. मावशीने तिला एकदा बाहेर नेऊन आणलं, शेंगदाण्याची चिक्की तोंडात देऊ का विचारलं, मी नाही म्हटलं, घशात अडकेल म्हणून.

“मॅडम,” निमकर काका माझ्या कानाशी वाकले. “जेवढं लिहिलंय तेवढंच बोलायचं बरं का. नवीन काही नको. या लोकांनी एकदा का अतिक्रमण हा शब्द ऐकला की फाइल वर्षभर खाली जाते आणि तोवर दुकानवाले काम करून घेतात. मी पाहिलंय हे.”

“पण काका, ती घरं—”

“त्यांचा स्वतंत्र अर्ज आहे ना? त्यांचं ते मांडतील. आपण आपलं.”

ते ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. खरंच, त्यांचा स्वतंत्र अर्ज होता.

दोनशे नऊ पुकारलं तेव्हा रेवा अगदी टिपेला पोचली होती. मी उठले आणि तिने माझ्या ओढणीला गच्च धरलं. मावशीने तिची बोटं एकेक सोडवली.

“जावा तुमी. बोला. मी हिला लांब फिरवून आनते, तुमाला आवाज न्हाई यायचा.” आणि जाता जाता, “आमचा पुकारला तर हाक द्या.”

मी हो म्हटलं. ती रेवाला खांद्यावर टाकून दाराबाहेर गेली.

मी चांगली बोलले. कॉलेजात मी वादविवाद स्पर्धांना जायची, ते सगळं कामी आलं. पार्किंगमधला प्रसंग सांगितला तेव्हा समितीतल्या बाईंनी चष्मा काढला. शेवटचं वाक्य अर्जातलंच वाचलं, सदर जागा मोकळी व वापराविना पडून आहे. वाचताना माझा आवाज अडखळला नाही.

दोनशे दहा कुणी डॉक्टर होते, रस्त्याच्या रुंदीबद्दल. दोन मिनिटांत आटपले.

“दोनशे अकरा. यल्लूबाई हणमंत धोत्रे.”

मी दाराकडे पाहिलं. व्हरांड्यातून रेवाचं रडणं येत होतं, लांबून, आणि कमी कमी होत चाललेलं.

“काय विषय आहे?” मधल्या अधिकाऱ्यांनी विचारलं.

कारकुनाने कागद उलटला. “आत्ताच्याच जागेचा आहे, साहेब. नाल्याकडेची पट्टी राहत्या घरांसाठी ठेवून उरलेल्यावर बाग करावी म्हणून. बावीस सह्या-अंगठे. हाताने काढलेला नकाशा जोडलाय.”

अधिकाऱ्यांनी तो कागद मागून घेतला. जरा वेळ बघत राहिले. शेजारच्या बाईंनाही दाखवला. “सूचना वाईट नाही,” ते म्हणाले. “दोन्ही बसतंय यात. पण आधीच्या अर्जात तर जागा मोकळी म्हटलीय.” त्यांनी मान वर केली. “सोसायटीवाले आहेत का अजून?”

निमकर काका उभे राहिले. “मोकळीच आहे, साहेब. कडेला एखाददुसरं खोपटं असेल.”

“या धोत्रे आल्यात का कुणी? विचारून खात्री करता येईल.”

“यल्लूबाई हणमंत धोत्रे,” कारकुनाने दुसऱ्यांदा पुकारलं.

बाहेर रेवाचा आवाज बंद झाला होता. झोपली होती. मला दिसत होतं, न बघता, मावशी व्हरांड्याच्या टोकाला खांबापाशी उभी राहून तिच्या पाठीवर थोपटत असेल. हाक मारली असती तर रेवा दचकून उठली असती, हे माझ्या मनात आलं. आणि मावशी आत आली असती, तर साहेबांनी मला पुन्हा उभं केलं असतं आणि विचारलं असतं, बाई, मग तुम्ही मोकळी कसं म्हणालात. शंभर माणसांसमोर. हेही आलं. आणि तिसरं असं आलं की बाग अख्खी मिळतेय.

मी पर्स उघडून त्यात काहीतरी शोधायला लागले.

“गैरहजर,” कारकून म्हणाला आणि लिहिलं. “दोनशे बारा.”

मावशी दहा मिनिटांनी आली. पाऊल न वाजवता, रेवाचं डोकं खांद्यावर नीट धरून. माझ्या शेजारच्या खुर्चीवर टेकली आणि कुजबुजली, “नुस्ती पेंगत हुती, जागाच घावंना. खालपतुर घेऊन गेले. आमचा आला का?”

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या कपाळावर घाम होता, आणि लुगड्याच्या खांद्यावर रेवाच्या लाळेचा ओला डाग.

“अजून नाही, मावशी,” मी म्हटलं.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सुहासलाही नाही. त्याला एवढंच माहीत आहे की मावशी बाहेर होती आणि तिचा नंबर निघून गेला.

मी ठरवलं होतं की जेवणाच्या सुट्टीत कारकुनाला भेटून तिला पुन्हा पुकारायला लावायचं. भेटलेही. तो डबा उघडत होता. “रोजनाम्यात लागलं, मॅडम. आता साहेबांना लेखी विनंती द्या, कारणासकट. ते बघतील. तीनला येतील.”

कारणासकट. मी कोरा कागद मागून घेतला. काय लिहिणार होते मी, की अर्जदार बाहेर माझं मूल झोपवत होती आणि मी तिला हाक दिली नाही? निमकर काका गाडीची किल्ली बोटावर फिरवत दारात उभे होते. रेवा उठली होती, तिला दूध हवं होतं, बाहेर ऊन रणरणत होतं.

“तुमी जावा,” मावशी म्हणाली. “हिला उनाचं नका थांबवू. मी बसते, माझं नाव पुकारलं की बोलून येते बसनं.”

“मावशी, तुम्ही जरा त्या कारकुनाला—”

“त्याला कशाला तरास द्यायचा? पुकारल की त्यो.”

मी गाडीत बसले. कोरा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

ती पाचपर्यंत बसली होती. हे तिनेच दुसऱ्या दिवशी सांगितलं, वेळेवर येऊन, चपला दाराबाहेर काढून, हात धुऊन, रेवाला उचलून घेतल्यावर.

“समदी गेली तवा शिपाई म्हनला, मावशे, कुनाची वाट बघतीस? मी कागुद दाखवला. त्यानं आत जाऊन बघितलं. म्हनला, जेवनाच्या सुट्टीआधीच पुकारलं हुतं, दोनदा.”

मी गॅसकडे तोंड करून उभी होते. दुधावर लक्ष होतं.

“माझंच चुकलं,” ती म्हणाली. “मी खालपतुर जायाला नको हुतं.” थोड्या वेळाने, “तुमाला ऐकू आलं नसंल, ताई. गर्दी लई हुती.”

“नाही आलं, मावशी,” मी म्हटलं.

“तेच की.”

दूध वर आलं, मी गॅस बंद केला. मागे रेवा नीळ्ळू नीळ्ळू करत होती आणि मावशी तिला फुलपात्राने पाणी पाजत होती, एकेक घोट, ठसका लागू नये म्हणून मध्ये मध्ये थांबत. मी शिकवलं होतं तसं.

त्यानंतर ती सव्वादोन वर्षं आमच्याकडे येत राहिली. तो विषय तिने पुन्हा काढला नाही. आराखडा मंजूर झाला. सर्व्हे नंबर एक्केचाळीस, उद्यान, संपूर्ण क्षेत्र. निमकर काकांनी पेढे वाटले, मावशीलाही दिला, आणि तिने तो रेवाला भरवला. वस्तीला नोटिसा आल्या तेव्हा मी त्यांचे अर्ज लिहून दिले, एक नाही, पाच लिहिले, रात्र रात्र बसून. वकिलाला भेटले. वकील म्हणाला, सुनावणीत यांनी म्हणणं मांडलेलं असतं तर काही हातात असतं, रोजनाम्यात तर गैरहजर लागलंय.

घरं पाडायला मशीन आलं त्या दिवशी ती कामावर आली नाही. तो एकच खाडा. गॅलरीतून धूळ दिसत होती. मी रेवाला आत नेऊन पडदे ओढले.

बावीसपैकी ज्यांचे कागद पुरे होते अशा अकरा कुटुंबांना शहराबाहेर, बायपासच्या पलीकडे, पुनर्वसनाच्या इमारतींत खोल्या मिळाल्या. मावशीला मिळाली, तिच्याकडे आधार होतं. पाचव्या मजल्यावर. ती एकटी. मुलगा-सून कामाच्या मागे कर्नाटकात गेले. तिथून आमच्याकडे यायचं तर दोन बस. महिनाभर आली, गुडघे धरून. मग एके दिवशी म्हणाली, “ताई, आता न्हाई जमायचं. लिफ्ट हाय, पर चालत न्हाई. एकदा उतरले की चढाय होत न्हाई.” रेवा तिच्या पायाला मिठी मारून बसली होती. मी पगार देत होते, वर थोडे पैसे ठेवले, तिने वरचे परत केले. “हिची शाळा सुरू झाली की फोटू दावा.”

फोटो दाखवायला मी गेले, पण चार महिन्यांनी. इमारती एकसारख्या, क्रमांक उडालेले. खाली नळाला रांग होती, हंडे, ड्रम. एकीला विचारलं. ती म्हणाली, “यल्लूआक्का? वरच असत्यात. खाली येतच न्हाईत त्या. पोरीबाळी पानी नेऊन देतात कवा कवा.” तिने जिना दाखवला, पाचव्या मजल्यावर डाव्या हाताचं दार, म्हणाली.

मी दोन मजले चढले. तिसऱ्याच्या वळणावर थांबले. वरून कुणीतरी भांडं घासत असल्याचा आवाज येत होता, तोच आवाज, राखेने घासतानाचा, घाईत नसलेला. मला वाटलं, दार उघडल्यावर ती पहिल्यांदा रेवाबद्दल विचारेल. आणि मग पाणी देईल. पाणी तिला कुणीतरी वर आणून दिलेलं.

मी उतरले. फळांची पिशवी आणि फोटो त्या बाईकडे दिला. “कोन आलतं म्हनून सांगू?” तिने विचारलं. मी म्हटलं, “सांगा, रेवाची आई.”

त्यानंतर सुहासची बदली झाली. आता आम्ही नागपूरला असतो, पार दुसऱ्या टोकाला. रेवा नऊ वर्षांची आहे. पाण्याला पाणी म्हणते. मावशीचा जुना नंबर लागायचा तोवर दिवाळीला मी फोन करायची, ती रेवाशी बोलायची, माझ्याशीही. “बरी हाय,” एवढंच म्हणायची. गेल्या दिवाळीपासून तो लागत नाही. संगीताचा नंबर माझ्याकडे नाही. मी तो कधी मागून घेतलाच नव्हता.

म्हणून हे लिहिते आहे. नावं मी थोडी बदलली आहेत, पण तिचं बदललेलं नाही. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला राहत असाल, बायपासच्या पलीकडे सहा पिवळ्या इमारती आहेत, त्यातली बायपासपासून शेवटची, तर एकदा पाचव्या मजल्यावर जाऊन या. जिन्याच्या डाव्या हाताचं दार. ती उठेपर्यंत वेळ लागेल, तेव्हा लगेच परतू नका. पाण्याचा हंडा भरलेला आहे का बघा. नसेल तर खालून भरून द्या, ती नको म्हणेल, तरी द्या. आणि ती आहे की नाही, तेवढं मला कळवा.